कडी बाहेरनं हुती

माझं माहेर पाथर्डीकडलं. डोंगराच्या अंगाला चाळीस-पन्नास घरांचं गाव, नाव सांगून तुमाला कळायचं न्हाई, एस्टी बी फाट्यावरच सोडायची. दसरा झाला की गाव मोकळं व्हायचं बगा. म्हातारी मान्सं आन कोंबड्या तेवढ्या मागं, बाकी समदे भांडीकुंडी घिऊन उसतोडीला. माझा जलमच उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत झालेला. कुठल्या कारखान्यावर ते आयला बी धड आठवत न्हवतं, ती म्हनायची थंडी लई हुती आन मोळी बांधता बांधता कळा आल्या, येवढंच मला ठावं. शाळा म्हनाल तर पावसाळ्यातली चार म्हैनं. तरी म्या वाचायला शिकले, कशी शिकले ते इचारू नका, खताच्या पिशवीवरचं, ट्रकाच्या पाठीवरचं, मिळंल ते वाचायची. आन आमच्या शेजारच्या कोपीत गया हुती.

गया माझ्यापरीस वरसानं मोठी. दोघी मिळून बैलांना वाढं घालायचो, दोघी मिळून पानी आनायचो, मार बी दोघी मिळूनच खायचो. एकदा जत्रंत गोंदनारीन बसली हुती, म्या हातावर तुळस काढून घेतली, गया म्हनली मला विंचू पायजे, मनगटावर. गोंदनारीन काढाया लागली, आन ह्या बाईला कळ सोसंना, हात मागं वडला आन पळाली. विंचवाची नांगी अर्धीच ऱ्हायली. लई हसलो आमी त्या नांगीवरनं, सासरी जाईस्तवर हसलो. ह्ये मी उगं सांगत न्हाई, पुढं कळंल तुमाला का सांगितलं ते.

लगीन झालं आन मी मिरजगावला आले. मालकांचा फोटो स्टुडिओ हुता, रोडला लागूनच. उसाच्या फडातली पोरगी मी, मला काय ठावं स्टुडिओ कशाला म्हंत्यात. आत पडदा हुता रंगवलेला, तळं, त्यात बदकं, मागं डोंगर, आन मी पयल्या दिशी त्या तळ्याला हात लावून बगितला, ओला लागतो का म्हनून. मालक हसले न्हाईत. लई गरीब मानूस बगा माझा नवरा, कुनाला अरेतुरे न्हाई, नवरी मुलगी लाजली तर तिच्यापरीस ह्येच जास्ती लाजायचे. त्यांनीच मला धुलाई शिकवली. म्हंजी कापडाची न्हाई, फोटोची. काळ्या खोलीत लाल बल्ब, तीन ट्रे, पांढरा कागद औषधाच्या पान्यात सोडायचा आन हलवीत बसायचं, आन मंग बगता बगता डोळं यायचं, नाक यायचं, मानूस यायचा. पयल्यांदा बगितलं तवा म्या देवाचं नाव घेतलं. मंग सवय झाली. दोन वरसात ह्ये फोटो काढायचे आन धुलाई समदी माझ्याकडं, थोरली पोटात हुती तवासुद्धा, त्या हायपोच्या, धुलाईच्या औषधाच्या, वासानं वकाऱ्या यायच्या तरी केली.

आता पोलिसांचं सांगते. त्या टायमाला पोलिसांकडं कॅमेरा नसायचा. रोडला अपघात झाला, कुनी हिरीत पडलं, कुनी फास घेतला, की शिपाई स्टुडिओत यायचा, चला म्हनायचा, पंचनाम्याचं फोटो काढायचेत. न्हाई कसं म्हननार. ह्ये जायाचे आन दोन दिस जेवायचे न्हाईत. एका अपघाताला मी संगं गेले, बॅग धरायला. ह्ये कॅमेरा गळ्यात घालून हुबे ऱ्हायले. मंग बसलेच खाली, वकले. हवालदार वराडतोय, ट्राफिक तटलंय, लवकर करा. म्या कॅमेरा घेतला. दोन भिंगांचा कॅमेरा हुता त्यो, पोटाशी धरायचा आन वरनं खाली वाकून बगायचं. हवालदार म्हनला, ह्ये काय, बाई काढनार का फोटो? म्या म्हनलं, साहेब, मेलेल्या मानसाला काय, बाईनं काढला काय आन बाप्यानं काढला काय, त्यो काय तक्रार करनाराय का? तवापसनं पंचनाम्याचं समदं फोटो मी काढले. कागदावर सही ह्यांची. हात माझा.

तर त्या सालचं सांगते. दुष्काळ हुता, थोरली पयलीत हुती. दोन तालुक्यांच्या शिवंवर एक डोंगर हाय, तिथं एक बुवा येऊन बसला हुता चार-पाच वरसांपसनं. त्याचं नाव मी घेत न्हाई. लोक त्याला काय काय म्हनायचे, मी बुवाच म्हनते, आन त्ये बी लई झालं त्याला. त्याच्याकडं कोन जायचं? ज्याला जायला दुसरी जागा न्हाई ते. पोर होईना ती, नवऱ्यानं टाकलेली ती, तरनाताठा पोरगा गेला असा बाप. उसतोडीच्या बाया तर लई. बुवा म्हनायचा, तुमचं गेलेलं मानूस मी तुमाला दावतो, फकस्त नऊ दिस मौन धरायचं, अन्न सोडायचं, आन शेवटच्या तीन दिसांत पानी बी सोडायचं. पत्र्याचं शेड बांधलं हुतं त्यासाठी. खिडकी न्हाई. चैताचं ऊन, आमच्याकडचं चैताचं ऊन तुमी बगितलंय का, पत्र्यावर भाकर भाजंल.

मेंढरंवाला गेला त्या अंगाला, त्याला वास आला. त्यानं पोलीस पाटलाला सांगितलं. त्या बाजूचा फोटोवाला कुठं लग्नाला गेल्ता, म्हनून जीप आमच्याकडं आली. मालक म्हनले, किती जन? त्यो म्हनला, चला तर खरं. तिथं गेलो. ह्ये जीपमधनं उतरलेच न्हाईत, उतरूच शकले न्हाईत, आन मी म्हनलं बसा तुमी, मी जाते.

चौदा जीव हुते ताई. अकरा बाया, तीन बाप्ये.

ते कसे हुते ते मी तुमाला सांगनार न्हाई. त्यांच्या घरच्यांनी मला परवानगी दिलेली न्हाई ते सांगायची. पन मी काय काय टिपलं ते सांगते. पयला फोटो म्या दाराचा घेतला. पंचनाम्याची रीतच हाय ती, आधी बाहेरनं, मंग आत. मेंढरंवाल्यानं दार उघडलं न्हवतं, पोलीस पाटलानं बी न्हाई, माझ्या म्होरं दार जसंच्या तसं हुतं. कडी बाहेरनं लावलेली. आन कडीला तार. जाड तार, अशी चार-पाच येढं घालून पक्कडीनं पिरगाळलेली. म्या जवळनं घेतला फोटो, एक लांबनं घेतला. आन तिथंच दाराखाली पत्रा बाहेरच्या बाजूला वाकलेला हुता, हातभर, आतनं लाथा घालून वाकवल्यागत. त्या फटीतनं एक हात बाहेर आलेला. बोटं मातीत रुतलेली, कोपरापतुर माती उकरलेली.

मी वाकले, कॅमेऱ्यात बगितलं. त्या कॅमेऱ्यात समदं उलटं दिसतं, डावं उजवीकडं. तरी मला कळलं. मनगटावर विंचू, आन नांगी अर्धी.

काय सांगू तुमाला. हात हलू दिला न्हाई म्या. हवालदार मागं हुबा हुता, मी रडले असते तर म्हनला असता बाई हाय, न्हेऊन बसवा जीपमधी, आन कुनीतरी दुसऱ्यानं कायतरी चार फोटो काढले असते लांबनं. म्हनून न्हाई रडले. दोन रोल काढले, चोवीस फोटो. पोलिसांनी तार पक्कडीनं तोडली, ती तोडतानाचा बी घेतला. आतला पत्रा घेतला, त्याच्यावर नखांचं वरखडं हुतं. पान्याचा माठ घेतला, भरलेला हुता त्यो, झाकन घातलेलं, पन दाराच्या बाहेर, हात पोचनार न्हाई येवढ्या अंतरावर. मंग जीपमधी येऊन बसले आन मालकांना म्हनलं, गया हाय त्यात. त्यांनी माझा हात धरला. मिरजगाव येस्तवर सोडला न्हाई.

गया तिथं कशी, तर तिचा नवरा आदल्या सालीच उसाच्या ट्रॉलीखाली गेला हुता. तिला सा वरसांची पोरगी हुती, लीला. तिला थोरल्या बहिनीकडं ठिवून गया गेली, नऊ दिसांनी येते म्हनून. नवरा दावतो म्हनला हुता ना बुवा.

रातीला न्हाई जमलं, दुसऱ्या दिशी सकाळी धुलाई केली. तीन-तीन कॉप्या काढल्या पोलिसांसाठी. गयाचा हात ट्रेमधी पांढऱ्या कागदावर हळूहळू आला, आन तवा मातूर मी रडले, त्या खोलीत कुनी न्हवतं. मालक फोटो देऊन आले. चार दिसांनी बातमी आली पेपरला. चौदा भक्तांनी आपखुशीनं समाधी घेतली, दाराला आतनं कडी हुती, बुवा त्या टायमाला दुसऱ्या गावाला परवचनाला गेले हुते. आतनं कडी! म्या पेपर घेतला आन तशीच चौकीवर निघाले, ह्ये आडवे झाले. म्हनले, सुमन, थांब, कोर्टात फोटो हायेत ना, फोटो बोलतील. बरं म्हनलं. वाट बगितली. कोर्टात फाइल गेली तर तीत फोटोच न्हाईत. हायेत म्हनं डोंगराचे दोन-तीन, शेडचे लांबनं. बाकी कुठं गेलं, कुनाला ठावं न्हाई.

मंग जीप आली आमच्या दारात. पोलिसांची न्हाई, बुवाची. मी माहेरी गेल्ते. आले तर ह्ये पायरीवर बसलेले, तोंड काळं पडलेलं. म्हनले, निगेटिव्ह मागत हुते. मी म्हनलं, दिल्या? म्हनले, न्हाई दिल्या. जाळून टाकल्या, त्यांच्या म्होरं, मागच्या अंगनात. पोरींचं नाव घेतलं सुमन त्यांनी, शाळा कुठली, सुटती कवा, समदं ठावं हुतं त्यांना.

आता मला कळतं. बाप हुता त्यो. पन तवा न्हाई कळलं. तवा म्या म्हनलं, तुमी गयाला दुसऱ्यांदा मारलं. असं म्हनले मी. त्या गरीब मानसाला. आन ताई, त्यानंतर तेहतीस वरसं संसार केला, लेकींची लग्नं केली, त्यांच्या आजारपनात मी हागनं-मुतनं काढलं, पन ती गोष्ट मी परत घेतली न्हाई. कवा कवा ते बोलायला तोंड उघडायचे, मी उठून आत जायची. असंच गेले ते. तीन वरसं झाली.

बुवाचं म्हनाल तर त्याला काय बी झालं न्हाई. साक्षीपुरावा न्हाई म्हनून सुटला. गादीवर मेला, म्हातारा होऊन. त्याच्या मागं त्याच्या जीपवरचा मधू, मधुकर, त्यो मोठा झाला. शेडच्या जागी मंदिर झालं, मंग भक्तनिवास झाला, दर चैतात उत्सव. चौदा जनांचं नाव घिऊन आरती. गयाच्या नावाची आरती!

आता मागच्या साली रोड मोठा करायचं निघालं. सरकारी मान्सं आली, मोजलं, आमच्या भिंतीवर लाल रंगानं रेघ मारली. इथपतुर जानार म्हनले. निम्मा स्टुडिओ गेला त्यात. तसा चालत हुताच कुठं, आता मोबाईलवर समदेच फोटोवाले. मी सामान काढाया लागले. त्यो तळ्याचा पडदा सोडवला. खालच्या दुमडीत बांबू घातलेला असतो, पडदा ताठ ऱ्हावा म्हनून. बांबू वडला तर दुमडीत दुसरं कायतरी लागलं हाताला. टाके घातलेलं हुतं. दोऱ्यानं, बारीक, एकसारखं. मालकांचेच टाके ते, त्यांची शिवन मला ठावं, बटनं ते सोताच लावायचे. उसवलं. आत पालास्टिक, त्यात बटर पेपर, त्यात निगेटिव्ह. दोन रोल. चोवीस.

उजेडाला धरलं. कडी. तार.

तिथंच बसले बगा मी मातीत. जाळलं ते दुसरंच कायतरी हुतं, कुनाच्या तरी लग्नाचं. पस्तीस वरसं माझ्या डोळ्याम्होरं, नवऱ्यानवरीच्या मागं, बारशाच्या पोरांच्या मागं, त्या बदकांच्या खाली ते हुतं, आन मला सांगितलं न्हाई. का सांगितलं न्हाई? कारन मला वळखत हुता त्यो मानूस. मला सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिशी कोर्टात गेले असते आन तिसऱ्या दिशी पोरी घरी आल्या नसत्या. म्या त्याला लई शिव्या दिल्या त्या दिशी. म्हनलं, अरे मेल्या, मरताना तरी सांगायचंस, मी पाया पडले असते तुझ्या. रस्त्याचे मजूर बगत हुते, ही म्हातारी कुनाशी भांडती म्हनून. भांडू द्या की. नवराय माझा.

थोरली राहात्याला मास्तरीन हाय. तिला फोन केला, ती दुसऱ्या दिशी आली, फोटो बगितले आन डोळं पुसले. आन मंग म्हनली, आई, ठेवून दे. बाबांनी एवढी वर्षं लपवलं ते उगाच नाही. म्या म्हनलं, जाळायचं असतं तर जाळलं असतं त्यांनी, लपवलं म्हंजी कवातरी काढायचं हुतं. ती म्हनली, तुझं वय काय, तू एकटी राहतेस, काही बरं-वाईट झालं तर? म्या म्हनलं, बाई, बरं-वाईट व्हायला आता ऱ्हायलंय काय? तवा बुवाच्या मान्सांनी तुमचं नाव घेतलं म्हनून ह्ये गप बसले. आता तुमी मोठ्या झालात, तुमचे नवरे हायेत, सासर हाय. आता भ्यायची पाळी त्यांची. ती रुसली. मंग आठ दिसांनी तीच आली, आन नगरला न्हेऊन त्या निगेटिव्हच्या चांगल्या कॉप्या करून दिल्या, कॉम्प्युटरमधी बी घातल्या, चार ठिकानी ठिवल्या. म्हनली, आता एक जीप येऊन जाळून दाखवू दे. माझी लेक ती!

गावात बातमी फुटतीच. म्हैन्याभरात मधुकर आला. आता त्याला मधुकरशेठ म्हंत्यात, ट्रस्टचा अध्यक्ष. पांढरी गाडी, संगं दोघं, हातात शाल आन नारळ. म्हनला, काकू, तुमच्या मालकांचा आमाला लई आदर, मंदिरात आता स्मारक बांधतोय, चौदा पुण्यात्म्यांची संगमरवरी पाटी, आपखुशीनं समाधी घेतलेल्यांची, तिथं फोटोंचं दालन करू, मालकांच्या नावानं करू, तेवढ्या निगेटिव्ह द्या, नीट ठिवू आमी. ग्वाड बोलत हुता. मी ऐकून घेतलं. म्या त्याला पानी दिलं, घरी आलेल्याला पानी देनार मी, ते त्यांच्यावानी दाराबाहेर ठिवनार न्हाई. त्यानं पानी पिलं. मंग म्या इचारलं, मधू, तार कुनी पिरगाळली?

त्यानं पेला खाली ठिवला. म्हनला, कसली तार काकू? म्या म्हनलं, कडीची. बुवा परवचनाला गेल्ता म्हंत्यात, जाऊ दे. मेंढरंवाला तवाच म्हनत हुता, शेडची किल्ली-कडी समदं तुझ्याकडं असायचं. माठ बी तूच भरायचास. त्यो भरलेला माठ हाय फोटोत. तार कुनी पिरगाळली?

संगच्या दोघांनी खाली मान घातली. त्यो उठला, म्हनला, लई वरसं झाली काकू, आता काय उपेग? म्या म्हनलं, तुझ्या पाटीला वरसं चालत्यात आन माझ्या फोटोला चालत न्हाईत व्हय? शाल उचल. उचलली त्यानं. जाताना म्हनला, एकल्या ऱ्हाता, जपून ऱ्हावा. म्या म्हनलं, तू बी जपून ऱ्हा, तुझ्यापरीस माझं जायाचं कमी हाय.

मंग मी लीलाला हुडकलं. गयाची पोरगी. पाथर्डीच्या पलीकडं दिलेली, अंगनवाडीत मदतनीस हाय, तिला सोताला पोरं हायेत आता. एस्टीनं गेले, फाट्यावरनं चालत. ती दारात धान पाखडत हुती. म्या सांगितलं, मी सुमन, तुझ्या आयची मैत्रीन. तिचं तोंड असं दगडावानी झालं. म्हनली, आयचं नाव माझ्या दारात काढू नका. तिला देव पायजे हुता, मी नको हुते. मावशीच्या घरी वाढले मी, समदा गाव माझ्या पाया पडायचा, पुण्यवान बाईची लेक म्हनून, आन मी रोज रातीला इचारायची, नऊ दिस झाले का? मावशी म्हनायची, झोप. कवा झाले नऊ दिस, मला कुनी सांगितलंच न्हाई.

पस्तीस वरसं त्या पोरीनं आयवर दात खाल्ले हुते. जसे म्या नवऱ्यावर.

म्या म्हनलं, मी तुला फोटो दावते, तुझी विच्छा असंल तरच. आयचं तोंड न्हाई दिसत त्यात, फकस्त हात हाय. तिनं सूप मांडीवर टेकवलं. मंग हात म्होरं केला. बगितला तिनं. विंचू वळखला, ल्हानपनी ती त्या विंचवाला बोट लावून खेळायची म्हनं. मंग मातीकडं बगितलं, उकरलेली. त्या फोटोवर बोट फिरवत मला म्हनली, मावशी, ही बाहेर यायला बगत हुती व्हय? म्या म्हनलं, व्हय बाई. कोपरापतुर आली हुती. ती म्हनली, म्हंजी माझ्याकडं येत हुती. म्या म्हनलं, मंग काय तर. दुसरं हुतं कोन तिला?

सूप पडलं, धान सांडलं, आन ती जी रडली, सा वरसांच्या पोरीवानी रडली, आय, आय करून. मी थांबवलं न्हाई. तिची पोरं भ्याली. म्या म्हनलं, रडू द्या रे तिला, आज झाले नऊ दिस.

मंग आमी दोघी फिरलो. चौदांपैकी आठ घरं सापडली. एका घरात आमाला हाकललं, म्हनले आमच्या आजीला देवपन मिळालंय, त्ये मोडाया आलाय. दुसऱ्या घरात म्हातारा हुता, त्याची बायको त्यात गेल्ती, त्यानं फकस्त दाराचा फोटो मागून घेतला आन देवाऱ्यातली बुवाची तसबीर काढून तिथं ठिवला.

चैतात उत्सव आला, पाटी उघडायची हुती. आमी गेलो, पाच घरची मान्सं. मंडप, भोंगे, जेवनावळ, समदं. मेलेल्यांचे फोटो म्या न्हेले न्हाईत, ते कुनाला दावायचे न्हाईत, त्ये त्यांच्या लेकराबाळांचे. म्या फकस्त दाराचा न्हेला, मोठा केलेला, दोन्ही हातांनी धरावा लागंल येवढा. मधुकरशेठ माईकवर म्हनला, आपखुशीनं देह ठिवलेले चौदा. आन लीला उठली. मी न्हाई, बरं का, मी तिला काय बी शिकवलं न्हवतं. ती चालत गेली, फोटो घिऊन, पायऱ्या चढली आन म्हनली, माझ्या आयचं नाव ह्या पाटीवरनं काढा. ती आपखुशीनं मेली न्हाई. कडी बाहेरनं हुती, ह्यो बगा.

भोंगा बंद केला त्यांनी. पन तिला भोंगा लागलाच न्हाई, उसतोडीवाल्यांचा आवाज असतो तिचा, ह्या फडातनं त्या फडात जाईल असा. एक पोरगं अंगावर धावून आलं, तर पंगतीतल्या बायाच आडव्या झाल्या. एक म्हनली, बगू दे की फोटो, का भेताव? मंग दुसरा उठला, माझ्या बापाचं नाव काढा. तिसरी उठली. पाच नावं. मान्सं मंडपातनं उठून फोटोजवळ येऊन बगत हुती, कुनी त्या तारंवर बोट ठिवत हुतं. पाटीवरचा पडदा त्या दिशी उघडला न्हाई. अजून बी त्यावर गोनपाट टाकलेलं हाय, जाऊन बगा.

दुसऱ्या दिशी पोलिसांत अर्ज दिला, तपास परत करा म्हनून, पाच घरांच्या सह्यांनी. साहेब तरना हुता. म्हनला, आजी, मूळ निगेटिव्ह जमा करा. म्या म्हनलं, न्हाई करत. एकदा दिले हुते फोटो, त्याची पोच दावा, मंग करते. वकीलबाई हाय लीलाच्या वळखीची, ती म्हनली, आजींचं बरोबर हाय, कोर्ट मागंल तवा कोर्टात, कोर्टाच्या हातात. साहेबानं शिक्का मारून पोच दिली अर्जाची. जबाब घेतला माझा, पाच तास. फोटो कुनी काढला? मी. सही तर तुमच्या मालकांची हाय? त्यांची सही, माझा हात. इतक्या वरसांनी आठवतंय का? म्या म्हनलं, साहेब, तुमी इचारून थकाल.

त्यानंतर एक दिस दगड आला. उरलेल्या स्टुडिओला म्होरची जुनीच काच बसवली हुती, ती फुटली. पूर्वी तिथं आमी नवऱ्यामुलींचे फोटो लावायचो, रोडवरनं दिसायला. आता म्या दाराचा फोटो लावलाय. काच फुटली तर बिनकाचेचा लावला. येनारा-जानारा थांबतो, इचारतो, आजी, ह्ये कशाचं दार? सांगते. दिसातनं दहा डाव सांगते. घसा बसतो, च्या पिते, परत सांगते.

तपास कुठवर जाईल मला ठावं न्हाई. मधुकर मोठा मानूस, त्याच्याकडं वकील लई. माझ्या हयातीत निकाल लागंल असं वकीलबाई बी म्हनत न्हाई, आन ती खोटं बोलत न्हाई म्हनूनच मला आवडती. मंगळवारी पुन्हा बोलवलंय नगरला, लीला तिकडनं येनार, नगरच्या स्टँडावर भेटनार हाय, भाकरी ती आनते, चटनी मी न्हेते. तुमी लिवायला आलात, लई बरं वाटलं, तुमच्या लेकराबाळांचं भलं हू दे. लिवताना भिऊ नका, आन माझं नाव बदलू नका. त्या चौदांना आपखुशीनं मेले म्हनायचं असंल तर खुशाल म्हनावं कुनी. फकस्त हितं येऊन, ह्या फोटोम्होरं हुबं ऱ्हाऊन, माझ्या तोंडावर म्हनावं.